ईएलएम ३२७ स्कॅनर : ऑक्सिजन सेन्सर बदलायच्या आधी

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजात मशीन लावतात, कोड येतो पी०१३५, आणि लगेच निकाल लागतो : ‘ऑक्सिजन सेन्सर गेला, नवा टाका.’ हा सेन्सर सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन मोजतो, आणि त्याला लवकर तापवायला आत एक हीटर असतो. हा कोड एवढंच सांगतो की पुढच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या, आधीच्या) सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. सर्किटमध्ये फ्यूज, वायर आणि कपलर (वायरींचा जोड) हेही येतात. हजार रुपयांच्या आत मिळणारा ईएलएम ३२७ हा ब्लूटूथ स्कॅनर या निकालाची उलटतपासणी करायला उत्तम आहे. जाहिरातीतलं बाकीचं बरंचसं सोडून द्यावं.

काड्यापेटीहून जरा मोठी डबी. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात बसवायची, चावी ऑन करायची, फोनला जोडताना १२३४ किंवा ०००० टाकायचं, आणि टॉर्क किंवा कार स्कॅनर यांपैकी एखादं अ‍ॅप उघडायचं. साधी ब्लूटूथ डबी आयफोनला चालत नाही. त्यासाठी वायफायची किंवा लो एनर्जीची घ्यावी. डबीवर १.५ किंवा २.१ छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. या बहुतेक नकलाच, आणि काहींत निम्म्या आज्ञा गाळलेल्या असतात. परत घेणाऱ्या दुकानदाराकडूनच घ्या. एप्रिल २०१३ नंतरच्या पेट्रोल गाड्यांवर सहसा अडचण येत नाही. त्याआधीच्या गाडीला डबी जोडली जाईलच असं नाही.

कोड पुसायची घाई नको. पुसला की कोड आला त्या क्षणाचे नोंदलेले आकडेही जातात, म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्या. मग इंजिन पूर्ण गरम करून २५०० आरपीएमवर धरा आणि बँक १ सेन्सर १ चा, म्हणजे पुढच्या सेन्सरचा, आलेख बघा. चांगला झिरकोनिया (नेहमीच्या प्रकारचा) सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली नाचतो, दहा सेकंदांत आठ-दहा वेळा तरी मधली ०.४५ ची रेघ ओलांडतो. रेघेपाशीच खिळून बसला, तर तो थंड आहे किंवा वायर तुटलेली आहे. साधारण ३०० अंशांच्या खाली तो बोलतच नाही. अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबला की ०.८ च्या वर गेला पाहिजे आणि सोडताच शून्याकडे उतरला पाहिजे. दोन्ही झालं तर सेन्सरचं मोजमाप जिवंत आहे. हीटर मात्र यात तपासला जात नाही, गरम धुरानेही सेन्सर तापतो, म्हणून तो मल्टिमीटरने वेगळा बघा. मागचा, म्हणजे सेन्सर २, साधारण ०.६-०.७ वर शांत असावा. तो पुढच्यासारखा नाचायला लागला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर संपत आलाय, सेन्सर नव्हे.

डबीची खरी मर्यादा वेगाची. जुन्या के-लाइनच्या (माहिती हळू पाठवणाऱ्या एका वायरीच्या) गाड्यांत सेकंदाला दोन-चार आकडेच येतात, त्यातही तीन-चार गोष्टी एकदम लावल्या तर आलेख पायऱ्यापायऱ्यांचा होतो आणि चांगला सेन्सरही मंद दिसतो. म्हणून एकच आलेख लावा. पी०१३३, म्हणजे सेन्सर सुस्त असल्याचा कोड, या डबीवर पक्का करू नये. नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड (मिश्रणाचं नेमकं प्रमाण सांगणारा) सेन्सर असेल, तर ०.४५ चा हिशेब लागू नाही. तिथे लॅम्ब्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ च्या आसपास आहे का ते पाहावं. डिझेलवाल्यांना हे सगळं गैरलागू.

आता किनाऱ्याचा हिशेब. हर्णै, मालवण, वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात सेन्सरच्या आधी कपलर मरतो. उघडला की पिनांवर हिरवी पूड दिसते. दुसरं म्हणजे मॅनिफोल्डचा गॅस्केट आणि सायलेन्सरचा पुढचा पाइप गंजतो. सेन्सरच्या आधी भोक पडलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर ‘पेट्रोल कमी’ असं खोटंच सांगतो, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो आणि अ‍ॅव्हरेज बसतं. स्कॅनरवर लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलात केलेली वाढ-घट) +१० टक्क्यांच्या वर दिसला, तर गार इंजिन चालू करून सायलेन्सरच्या पुंगळीच्या तोंडाशी क्षणभर ओलं फडकं धरा. गळती असेल तिथून फुसफुस ऐकू येते. तिसरं, जांभ्याच्या रस्त्यावरच्या पावसाळी डबक्यातून जोरात गाडी घातली की तापलेल्या सेन्सरचं सिरॅमिक तडकू शकतं. आणि पावसात इंजिनखाली आसरा घेणारे उंदीर वायरी कुरतडतात, ते तर गावोगावी ठाऊक आहे.

स्कॅनरच्या जोडीला मल्टिमीटर हवाच. कपलर सोडवून सेन्सरच्या बाजूच्या हीटरच्या दोन एकाच रंगाच्या वायरींमध्ये (बहुतेक पांढऱ्या) ओहम मोजा. गार असताना साधारण १५ च्या आत काही आकडा यावा. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला. गाडीच्या बाजूने चावी ऑन करून १२ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर आधी फ्यूज. कपलरच्या पिना खरवडून कोरड्या करा, पण सेन्सरच्या बाजूला ग्रीस किंवा क्लीनर ओतू नका. पुष्कळ सेन्सर धुराशी तुलना करायला लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आतूनच घेतात. त्याच कारणाने युनिव्हर्सल सेन्सरच्या वायरी डाग देऊन जोडू नयेत, क्रिंपच करावं. खरं तर युनिव्हर्सलच्या भानगडीत न पडता जुन्याच्या अंगावरचा पार्ट नंबर जुळवून घ्यावा.

बदलताना रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पाइप कोमट असताना २२ मिमीच्या फटीच्या सॉकेटने सोडवा. साधा पाना घसरून षट्कोन गोल करतो. आटे एम १८ बाय १.५ असतात, जाम होऊन तुटलेच तर त्याच मापाचा टॅप फिरवून साफ होतात. नव्याच्या आट्यांना आधीच अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं मलम) लावलेलं नसेल तर थोडंसं आट्यांपुरतंच लावा, टोकाला अजिबात नाही. घट्ट करायला ४० ते ५० न्यूटन मीटर पुरे. जवळपास साधा सिलिकॉन सीलंट वापरू नका. त्याची वाफ सेन्सर मारते.

काम झालं की डबी काढून ठेवा. बंद गाडीतही ती थोडा करंट पीत राहते, आणि गणपतीला आणून शिमग्यापर्यंत पडवीत उभी ठेवलेल्या गाडीची बॅटरी उतरवायला एवढंही पुष्कळ होतं.