आतल्या झाकणाचा 5 लिटरचा कुकर: वापरून आणि खोलून पाहिल्यावर

प्रॉडक्ट डिझाइनच्या मुलांना मी मॅन्युफॅक्चरिंग शिकवते. त्यामुळे नवा कुकर घरात आला की आधी भात लागत नाही. झाकण, रिंग, शिट्टी सगळं सुटं होऊन ओट्यावर येतं. हा साधा अ‍ॅल्युमिनियमचा, झाकण आतून बसणारा.

पैकीच्या पैकी गुण झाकणाला. तोंडाचा व्यास साधारण 18 सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ अडीचशे चौरस सेंमीच्या आसपास. शिट्टी होते ती दर चौरस सेंमीला 1 किलो दाबाला. म्हणजे वरण शिजताना झाकणाला खालून अडीचशे किलोचा रेटा, सिमेंटची पाच पोती! बाहेरून बसणाऱ्या झाकणात हा भार कडेच्या मोजक्या खाचा पेलतात. इथे तोच रेटा झाकणाला काठावर घट्ट दाबून धरतो. उघडायचं तर झाकण आधी खाली ढकलावं लागतं, आणि आत वाफ कोंडलेली असताना ते कुणाच्या बापाला जमायचं नाही. आमच्यासारख्या घायकुत्या घरात हे फार मोलाचं.

शिट्टीचं वजनही हिशेबाचं आहे. भोक 3 मिमीचं धरलं तर तेवढा दाब अडवून धरायला 70 ग्रॅम पुरतात; वजन वाढलं की आतला दाबही वाढणार. आवाज नको म्हणून शिट्टीवर काहीबाही ठेवणाऱ्यांनी हे गणित एकदा करून बघावं.

भांडं डीप ड्रॉइंगचं, म्हणजे सपाट पत्रा दाबून खोलगट केलेलं: गोल चकती डायवर (खालच्या साच्यावर), वरून पंच (दाबणारा ठोकळा). बुडाचा कोपरा गोलसर आहे तो शोभेसाठी नाही, धारदार ठेवला तर पत्रा तिथेच फाटेल. तोंड मात्र नंतर आत वळवलेलं, कारण आधी पंच वर निघायला हवा. त्याचीच किंमत स्वयंपाकात मोजावी लागते. पोटात मावतील असे डबे तोंडातून जात नाहीत. घरातले जुने डबे बाद झाले.

दांडा बॅकेलाइटचा, तापून मऊ पडत नाही. पण त्याचा स्क्रू सारखा ढिला होतो. या किमतीत स्प्रिंग वॉशर द्यायला काय हरकत होती?

स्टीलचा घेऊ का, असं शेजारणीने विचारलं. नुसत्या स्टीलमध्ये उष्णता पसरत नाही, डाळ बुडाला लागते. घ्यायचाच तर बुडात अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला बघा. इंडक्शन असेल तर हा अ‍ॅल्युमिनियमवाला चालणारच नाही. गॅसवाल्यांनी बिनधास्त घ्यावा, दुकानात जाताना आपले डबे मात्र सोबत न्यावेत.