ई-कोर्ट्स ॲप : तारखेला जाणाऱ्या नातेवाइकांसाठी

घरचं माणूस फौजदारी केसमध्ये अडकलं की पहिला प्रश्न असतो, पुढची तारीख कधी? त्यासाठी हे मोफत सरकारी ॲप फोनमध्ये हवंच.

वकिलांकडून १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, म्हणजे केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मागून घ्या. महाराष्ट्रात तो एमएचने सुरू होतो, शेवटचे चार अंक वर्षाचे. नंबर नसेल तर जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पोलीस ठाणं, एफआयआर नंबर आणि वर्ष टाकून शोधा. नावाने शोधताना स्पेलिंग जरा वेगळं असलं तरी केस सापडत नाही. घोटाळा होतो तो इथे: जामीन अर्जाचा सीएनआर वेगळा, मूळ केसचा वेगळा. दोन्ही ‘माय केसेस’मध्ये सेव्ह करा. अर्ज निकाली निघाला असेल तर ‘डिस्पोज्ड’मध्येही बघा, नाहीतर केसच गायब झाली असं वाटून जीव घाबरा होतो.

सर्वांत उपयोगी भाग म्हणजे केस हिस्टरी. मागच्या तारखेवर टॅप केलं की त्या दिवशी काय झालं ते ओळ-दोन ओळींत दिसतं: साक्षीदार गैरहजर, आरोपीला तुरुंगातून आणलं नाही, वगैरे.

उणीव मोठी आहे. नोंद न्यायालयातून भरली जाते, तिला उशीर होऊ शकतो. आदल्या दिवशी वकिलांना फोन कराच. आणि पुकारा किती वाजता होईल, हे ॲप सांगत नाही. सकाळी कोर्ट सुरू होण्याआधी पोहोचून दाराबाहेरच्या बोर्डावर अनुक्रमांक बघून घ्यावा.

फोन बदलण्याआधी सेव्ह केलेल्या केसेस एक्सपोर्ट करून ठेवा.