दुसऱ्याच्या गोष्टीला चित्रं, की शब्दही आपलेच?

मुलांच्या पुस्तकांत काम करू पाहणाऱ्या चित्रकारापुढे दोन वाटा असतात. एक, प्रकाशकाकडून आलेल्या संहितेला चित्रं काढायची. दुसरी, गोष्टही आपणच लिहायची आणि सगळं पुस्तकच घेऊन प्रकाशकाकडे जायचं. दुसरी वाट म्हणजे पहिलीवरून मिळणारी बढती, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. ही दोन निराळी कामं आहेत.

आधी पैशांचं, कारण घरचे तेच विचारणार. संहितेवर काम करणाऱ्याला बहुधा ठरलेलं मानधन मिळतं. पुस्तक खपो वा न खपो, ते आपलं. जोडीला मुखपृष्ठं, पाठ्यपुस्तकं, मासिकं करता येतात. बालभारतीचा ‘किशोर’ १९७१ पासून निघतोय आणि त्याच्यासारख्या मासिकांना चित्रं सतत लागतात. स्वतःच्या पुस्तकाची रॉयल्टी कुणाशी वाटून घ्यावी लागत नाही हे खरं, पण ती छापील किमतीच्या टक्क्यांत असते आणि मुलांच्या पुस्तकांच्या किमती पालकांना परवडाव्यात म्हणून कमीच ठेवतात. आवृत्ती संपेपर्यंत घरभाडं दुसऱ्या कामातूनच निघणार, हे धरून चाला.

मालकीची बाब मात्र नीट समजून घ्या, कारण चित्रकार इथेच फसतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याच्या मजकुराचा पहिला मालक सहसा तो स्वतः. पण मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या रंगचित्राचा पहिला मालक काम देणारा ठरतो, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. म्हणजे एकाच पुस्तकात लेखक गप्प बसला तरी हक्क राखतो, चित्रकार गप्प बसला की गमावू शकतो. म्हणून पहिल्या वाटेवर करार आधी, ब्रश नंतर. स्वतःहून तयार केलेलं पुस्तक नेणाऱ्याची बाजू इथे भक्कम असते. तरी त्यानेही हक्क किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी देतोय ते लिहून घ्यावं. लिहिलं नसेल तर कलम १९ पाच वर्षं आणि भारत असं धरतं.

आता खुद्द काम. संहितेत ‘धो धो पाऊस पडत होता’ असं असेल तर तुम्ही पाऊस काढता आणि वाक्यही तिथेच राहतं. ते गाळा, असं संपादकाला सुचवता येतं. ऐकतीलच असं नाही. लेखणी आपली असेल तर मजा वेगळी. मजकुरात मनू म्हणते, ‘मी अजिबात भिजले नाही,’ आणि चित्रात तिच्या फ्रॉकमधून पाणी निथळतंय. पान उलटल्यावर काय दिसावं, तेही आपणच ठरवायचं.

पण स्वतःचंच लिहिणारा चित्रकार हळूच लबाडी करतो. सायकल काढायला अवघड, मग गोष्टीत सायकल येतच नाही. गर्दीची बाजारपेठ नको, म्हणून नायिका कायम झाडाखाली एकटी! दुसऱ्याची संहिता अशी पळवाट देत नाही. चाळीतला जिना म्हटलं की जिना काढायचा. सुरुवातीची काही वर्षं ही सक्ती हाताला फार चांगली.

दोन्ही समर्थपणे करणाऱ्यांत माधुरी पुरंदरे यांचं नाव पहिलं येतं. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेल्या. पण पिकासोचं चरित्र आणि फ्रेंच नाटकांचे अनुवादही त्यांचे आहेत. शब्द त्यांनी चित्रांच्या सोयीसाठी उसने आणलेले नाहीत. फक्त रॉयल्टी अख्खी मिळावी म्हणून लिहायला बसलेल्या चित्रकाराचा मजकूर लगेच ओळखू येतो.

आणखी एक फरक: चित्रं भाषेची वेस सहज ओलांडतात. चेन्नईची तूलिका ही प्रकाशनसंस्था एकच चित्रपुस्तक मराठीसह अनेक भाषांत काढते. मराठी मजकुराला मात्र प्रत्येक वेळी अनुवादक लागतो, आणि बोलीतला गोडवा वाटेत सांडतो.

उत्पन्न लगेच हवं असेल तर माझं मत पहिल्या वाटेला. डोक्यात गोष्टी आधीपासूनच घोळत असतील तर त्या कामासोबत सोळा पानांची एक डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, करून पाहा. आधी चित्रं झाकून वाचा, मग मजकूर झाकून. दोन्ही वेळा गोष्ट पूर्ण कळली, तर मजकुराला कात्री लावा आणि मगच प्रकाशकाला दाखवा.