कवठाच्या जेलीला पैकीच्या पैकी, केळ्याच्या 'जेली'चे तीस रुपये मात्र परत हवेत

फेब्रुवारीत जळगावला सागर पार्कच्या मैदानावर बचत गटांचे स्टॉल लागले होते. मी भुसावळहून गेले होते ती बिबड्यांसाठी, म्हणजे आमच्या खानदेशी ज्वारीच्या पापडांसाठी. बिबडे मिळाले, पण पिशवी जड झाली ती तीन काचेच्या बाटल्यांनी: कवठाची जेली, पेरूची जेली आणि केळ्याची जेली. प्रत्येकी 250 ग्रॅम, 120 रुपये. शेजारीच त्याच गटाचा मिक्स फ्रूट जॅम होता, तो 90 ला. मी स्टॉलवरच्या मुलीला विचारलं, "जॅम नव्वदला आणि जेली एकशेवीसला का गं?" ती म्हणाली, "मावशी, दोन्ही एकच असतं, नाव वेगळं."

गटाचं नाव लिहीत नाही. बायका कष्टाळू आहेत आणि माझी तक्रार मी त्यांना फोनवर सांगितली आहे. पण "दोन्ही एकच" हे काही माझ्या घशाखाली उतरलं नाही. 1984 साली मी फळप्रक्रियेचा तीन महिन्यांचा कोर्स केला, त्यात पहिले पंधरा दिवस आमच्याकडून फक्त पेरूची जेलीच करून घेतली होती. पहिल्या दोन खेपांना माझी झाली ती काकवी. तिसरी इतकी घट्ट, की मॅडमनी सुरी मागवली.

आता बाटल्यांकडे येते.

कवठाची आधी, कारण तीच सगळ्यात भारी. खिडकीशी धरली तर पलीकडचा कडुनिंब दिसतो, लालसर तपकिरी काचेतून पाहावा तसा. जेलीची पहिली परीक्षा हीच. जेलीत फळ नसतं, फळाचा निवळ अर्क असतो. कवठाचा गर पाण्यात शिजवायचा, फडक्यात बांधून टांगायचा आणि आपोआप ठिबकेल तेवढंच पाणी घ्यायचं. त्यात साखर घालून आटवायचं. जॅममध्ये गर सगळाच्या सगळा कढईत जातो, म्हणून जॅम गढूळ दिसतो आणि चमच्याने पसरतो. जेलीत चमचा घातला की काप पडतो, कापाची कड तशीच उभी राहते. या बाटलीतली बशीत काढली तर बाटलीच्या तळाचा गोल आकार घेऊन बसली आणि बशी हलवली की थरथरली. चव आंबटगोड, शेवटी कवठाचा तो किंचित तुरटपणा. महाशिवरात्रीला गूळ घालून कवठाची चटणी खाल्ली असेल त्यांना ही चव डोळे मिटून ओळखू येईल.

माझ्या सासूबाई धुळ्याकडच्या, वय चौऱ्याऐंशी. त्यांनी बशीकडे पाहून विचारलं, "हाई काय शे वं?" दशमीला लावून दिली. दोन घास खाल्ल्यावर म्हणाल्या, "चांगलं लागस." आमच्या घरात याहून मोठं प्रमाणपत्र नाही. खरं तर दशमीच जेलीला शोभते, ब्रेड नाही. दुधात भिजवलेली मऊ दशमी जेलीचा आंबटपणा मुरवून घेते, प्रवासात डब्यात ओघळत नाही.

पेरूची जेली बरी आहे, उत्तम नाही. रंग छान सोनेरी-गुलाबी, पण धूसर. याचं कारण मी पैजेवर सांगते: कुणीतरी घाईत फडकं पिळलं आहे. फडकं पिळलं की अर्क जास्त निघतो आणि त्याबरोबर गराचे बारीक कणही येतात. रात्रभर टांगून ठेवायचा धीर लागतो. दुसरं, बाटली उघडली तेव्हा वर चमचाभर पाणी सुटलेलं होतं. आंबटपणा जास्त झाला की जेली असं रडते. पेरूला मुळात पेक्टिन भरपूर, त्यात थोडं लिंबू पुरतं. यांनी सायट्रिक आम्ल सढळ हाताने घातलेलं दिसतं.

पेक्टिन म्हणजे फळातच असलेला चिकट पदार्थ, तो साखर आणि आंबटपणाच्या सोबतीने घट्ट जाळं धरतो. तिन्हींचा मेळ बसला तरच जेली जमते. अर्कात पेक्टिन किती हे पाहायला आम्ही चमचाभर गार अर्कात तेवढंच स्पिरिट ओतायचो. एकसंध गोळा झाला तर कपाला पाऊण कप साखर, फुटक्या गुठळ्या झाल्या तर साखर कमी. (ते चाखायचं नाही, हे दरवेळी सांगावं लागायचं.) आणि उतरवायची कधी, तर चमचा तिरका केल्यावर थेंब सुटे न पडता एकमेकांत मिळून पडद्यासारखे घसरले की. थर्मामीटर असेल तर साधारण 105 अंश. पाकाची एकतारी बघणाऱ्या हाताला हे दोन खेपांत जमतं. मला तीन लागल्या, वर सांगितलंच.

आपल्याकडे साखरांबा आहे, गुळांबा आहे, मोरावळा आहे. जॅमची ही सगळी नात्यातली मंडळी. जेलीचं मात्र आपल्या जुन्या स्वयंपाकघरात कुणी सापडत नाही. आणि सापडणार तरी कसं? फळाचं पाणी ठेवायचं आणि गर बाजूला काढायचा, हे आमच्या आजीला सांगितलं असतं तर तिने कढईसकट बाहेर काढलं असतं. जेली महाग पडते ती यामुळेच. किलोभर पेरूतून मिळतो तो अर्क, गर मागे राहतो. या गटाने निदान तो गर वाया घालवलेला नाही, साखर-तूप घालून आटवून त्याच्या वड्या केल्या आहेत. कोर्समध्ये त्याला पेरू चीज म्हणायचे, चीजचा त्यात कणही नसतो. चाळीस रुपयांचं पाकीट, नातवाने घरी पोचायच्या आत संपवलं.

आता केळं. लेबलवर ठसठशीत 'केळ्याची जेली', खाली घटक: केळीचा गर, साखर, सायट्रिक आम्ल, पेक्टिन. अहो, पहिलाच शब्द गर! बाटलीतून उजेड आत शिरत नाही, चमचा घातला तर श्रीखंडासारखा पसरतो. हा सरळसरळ जॅम आहे. आपल्या जिल्ह्याच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून प्रत्येक गोष्टीत केळं घालायची हौस वाढली आहे; माझी त्याला हरकत नाही. पण पिकलं केळं शिजवून फडक्यात टांगलं तर सकाळी खाली काय मिळतं? चिकट लगदा, तोही फडक्याच्या बाहेरूनच खरवडायचा. घरच्या भांड्यात केळ्याचा निवळ रस निघत नाही, कारखान्यात एन्झाइम घालून काढतात. शिवाय केळ्यात आंबटपणा जेमतेम, तो वरून द्यावा लागतो.

जॅम म्हणून विचाराल तर मला तो आवडला. रंग घातलेला नाही, त्यामुळे तपकिरी दिसतो, आणि हे मी गुणात धरते. केळ्याचा वास खरा आहे, इसेन्सचा नाही. बाजारू जॅममध्येसुद्धा फळ वजनाने किमान 45 टक्के असायला हवं असा नियम आहे (स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरीला 25 ची सूट), पण चाखताना त्यातलं फळ शोधावं लागतं. इथे शोधावं लागत नाही. फक्त मी जॅमला जेलीचे पैसे मोजले. तीस रुपयांचा प्रश्न आहे, पण आहे.

नातवाचा वेगळाच गोंधळ. तो पुण्याचा. त्याला जेली म्हणजे पाकिटातली भुकटी गरम पाण्यात विरघळवून फ्रिजमध्ये थिजवलेली, लाल-हिरवी. ती तिसरीच गोष्ट. तिला घट्ट करतं ते पुष्कळदा जिलेटिन, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून येतं. आमच्या शेजारच्या माळकरी काकूंनी म्हणूनच कवठाच्या बाटलीला हात लावायच्या आधी मला दोनदा विचारलं. पेक्टिन फळातलं असतं, बाटलीवर हिरवा ठिपकाही आहे. मग त्यांनी चमचाभर घेतली, नंतर वाटीभर.

आणखी एक फरक उन्हाने दाखवला. एप्रिलमध्ये आमच्या ओट्यावर पारा चाळिशीच्या पुढे असतो. नातवाची फ्रिजमधली जेली बाहेर राहिली आणि अर्ध्या तासात सरबत झाली. कवठाची तिथेच, तशीच उभी.

पॅकिंग ठीक. झाकण घट्ट होतं, तारीख आणि परवाना क्रमांक छापलेला होता.

मागच्या आठवड्यात बाटलीवरच्या नंबरवर फोन केला. गटाच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. फडकं पिळल्याचं लगेच कबूल केलं, नव्या सुनेच्या हातून झालं म्हणाल्या. केळ्याच्या लेबलवर मात्र अडल्या: "मावशी, पाचशे स्टिकर छापून आलेत हो, आता त्यांचं काय करू?" मी म्हटलं, पेनाने 'जेली' खोडा, 'जॅम' लिहा, नव्वदला विका, मी दोन घेते. त्या हसल्या, हो म्हणाल्या नाहीत. कवठाच्या चार बाटल्या मागितल्या तर म्हणाल्या, यंदाची कवठं संपली, आता पुढच्या हंगामातच. माझ्याकडे अर्धी बाटली उरली आहे आणि ती मी नातवाच्या हाताला लागणार नाही अशी डाळीच्या डब्यामागे ठेवली आहे.