औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम : दोन वर्षांनंतरचा अभिप्राय

मनुष्यबळ विभागात सहा वर्षे नोकरी केल्यावर मी औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्राच्या, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या माणसांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राच्या, दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि तो नुकताच पूर्ण केला. हा अभिप्राय अभ्यासक्रमाविषयी आहे, म्हणून संस्थेचे नाव देत नाही.

प्रवेश घेणाऱ्यांपैकी अनेकांची समजूत अशी होती की येथे कर्मचाऱ्यांचे समुपदेशन शिकवतात. पहिल्याच सत्रात ती दूर होते, कारण ते सत्र जवळजवळ पूर्णपणे संख्याशास्त्र आणि मापनाचे आहे. एखादी प्रश्नावली विश्वसनीय आहे म्हणजे नेमके काय, ती जे मोजते असे म्हणते तेच मोजते हे कशावरून ठरवायचे, आणि क्रॉनबाखचा अल्फा गुणांक (प्रश्नावलीतील प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा) चांगला आला तरी चाचणी निरुपयोगी का असू शकते, हे आम्हाला आधी कागदावर आकडेमोड करून आणि नंतर आर ही संगणकप्रणाली वापरून शिकवले गेले. गणिताची सवय सुटलेल्यांना हे सत्र जड जाते. मलाही ते जड गेले. तरीही त्याचा एकही तास कमी करावा असे मी म्हणणार नाही, कारण पुढचे सगळे त्याच पायावर उभे आहे.

अभ्यासक्रमाचा सर्वांत समृद्ध भाग म्हणजे कार्यविश्लेषण, म्हणजे एखाद्या पदावर प्रत्यक्षात काय करावे लागते आणि त्यासाठी काय लागते याचा पद्धतशीर शोध. नोकरीत असताना मी कितीतरी पदांची कार्यवर्णने लिहिली होती, आणि ती बहुतेक जुन्या कागदांवरून उतरवलेली होती. येथे आम्हाला एका रुग्णालयाच्या स्वागतकक्षात बसवले आणि तिथल्या कर्मचाऱ्यांचे काम तीन दिवस पाहायला सांगितले. त्यानंतर जॉन फ्लॅनागन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या निर्णायक प्रसंगांच्या पद्धतीने मुलाखती घ्यायच्या होत्या. या पद्धतीत ‘तुमच्या कामासाठी कोणते गुण लागतात’ असे विचारत नाहीत. अलीकडे काम विशेष चांगले किंवा विशेष वाईट झाले असा एखादा प्रसंग आठवायला सांगतात, आणि त्या वेळी काय घडले, कर्मचाऱ्याने नेमके काय केले व परिणाम काय झाला हे क्रमाने विचारतात. त्या पदाच्या जाहिरातीत संगणकाचे ज्ञान आणि उत्तम संवादकौशल्य एवढेच लिहिलेले होते. मात्र आम्ही जमवलेल्या प्रसंगांपैकी निम्म्याहून अधिक प्रसंग एकाच गोष्टीभोवती फिरत होते : घाबरलेल्या नातेवाइकाला अजून किती वेळ थांबावे लागेल हे खोटा दिलासा न देता सांगणे. हे कौशल्य जाहिरातीत नव्हते, मुलाखतीत तपासले जात नव्हते आणि प्रशिक्षणातही नव्हते. त्या तीन दिवसांत माझ्या सहा वर्षांच्या कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

कर्मचारी-निवडीचा विषयही तितक्याच काळजीने शिकवला गेला. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला होता. निवडीच्या वेळी मिळालेले गुण आणि पुढची कामगिरी यांच्यातील सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) त्यांनी काढला : सर्वसाधारण बौद्धिक क्षमतेची चाचणी ०.५१, ठरीव प्रश्न व ठरीव गुणांकन असलेली संरचित मुलाखत ०.५१, मोकळ्या गप्पांसारखी मुलाखत ०.३८, कामाच्या अनुभवाची वर्षे ०.१८ आणि हस्ताक्षर-विश्लेषण ०.०२. हे आकडे अनेक वर्षे या क्षेत्राचा आधार होते. आमच्या प्राध्यापिकांनी ते फळ्यावर लिहिले आणि दुसऱ्या तासाला त्यांच्या शेजारी २०२२ मधील पॉल सॅकेट व सहकाऱ्यांचे आकडे लिहिले. त्यांच्या पुनर्विचारात बौद्धिक चाचणीचा आकडा ०.३१ पर्यंत खाली येतो आणि संरचित मुलाखत ०.४२ सह सर्वांत वर जाते. फरक कुठून आला, यावर आम्ही दोन आठवडे घालवले. कामगिरी फक्त निवडलेल्या उमेदवारांचीच पाहता येते, नाकारलेल्यांची नाही. त्यामुळे प्रत्यक्ष दिसणारा सहसंबंध आक्रसतो आणि तो दुरुस्त करावा लागतो. ती दुरुस्ती पूर्वी अनेक अभ्यासांत गरजेपेक्षा जास्त झाली होती, असे सॅकेट यांचे म्हणणे आहे. एखादे शास्त्र स्वतःच्या चुका कशा दुरुस्त करते, हे विद्यार्थ्यांसमोर उघडपणे मांडणारे शिक्षण मला फार मोलाचे वाटते, आणि या एका विषयासाठीसुद्धा मी पुन्हा हाच अभ्यासक्रम निवडेन.

संघटनात्मक बाजू त्या मानाने दुबळी निघाली, आणि तिचा दुबळेपणा याच कसोटीवर उघडा पडला. हर्झबर्ग, व्रूम, लॉक, हॅकमन आणि ओल्डहॅम यांचे प्रेरणाविषयक सिद्धान्त एकामागून एक येत गेले. कोणता सिद्धान्त पुराव्यावर टिकला आणि कोणता टिकला नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. १९२४ पासून शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात झालेले प्रकाशाचे प्रयोग आम्हाला नेहमीच्या कथेप्रमाणे सांगण्यात आले : दिवे वाढवले तरी उत्पादन वाढले, कमी केले तरी वाढले, म्हणजे माणसांवर लक्ष दिल्यानेच ते वाढते. हरवली समजली जाणारी त्या प्रयोगांची मूळ आकडेवारी सापडली, स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट यांनी २०११ मध्ये तिचे नव्याने विश्लेषण प्रसिद्ध केले आणि कथेत सांगितला जाणारा ठळक परिणाम तिच्यात आढळला नाही, हे मला स्वतःच्या वाचनातून कळले. ज्या विभागात निवडीच्या आकड्यांची एवढी कसून तपासणी होते, तिथे हे राहून जावे याचे मला खरोखर वाईट वाटले.

एर्गोनॉमिक्सचा, म्हणजे काम आणि साधने माणसाला सोयीची करण्याच्या शास्त्राचा, ऐच्छिक विषय ठीक होता. ग्रंथालयाबद्दल तक्रार नाही.

माझी खरी तक्रार क्षेत्रकार्याविषयी आहे. तिसऱ्या सत्रात मला एका कंपनीत कर्मचारी-समाधानाचे सर्वेक्षण करायला पाठवले होते. उत्तरे गोपनीय राहतील असे आम्ही प्रत्येकाला लेखी कळवले होते. अहवालाच्या वेळी तिथल्या एका अधिकाऱ्यांनी प्रत्येक विभागाचे निकाल वेगळे मागितले, आणि त्यांतील एका विभागात फक्त चार माणसे होती. चौघांची सरासरी दिली की कोण काय म्हणाले याचा अंदाज सहज बांधता येतो. मी संस्थेतील मार्गदर्शकांना त्याच दिवशी लिहिले, त्यांचे उत्तर यायला तीन आठवडे लागले. तोपर्यंत रोज होणारी विचारणा मी एकटीने सोसली आणि शेवटी तो विभाग दुसऱ्या विभागात मिळवून अहवाल दिला. निर्णय बरोबर होता असे मार्गदर्शकांनी नंतर सांगितले. परंतु विद्यार्थ्याने दिलेल्या शब्दावर विसंबून चार माणसांनी मनातले लिहिलेले असते, तेव्हा त्या विद्यार्थ्यामागे संस्थेने त्याच आठवड्यात उभे राहायला हवे.

दोन-तीन वर्षे कुठेतरी काम केलेल्या आणि आकड्यांना न घाबरणाऱ्या व्यक्तीला मी हा अभ्यासक्रम मनापासून सुचवेन. ज्यांना समोर बसलेल्या एका माणसाचे दुःख हलके करायचे आहे, त्यांनी चिकित्सा मानसशास्त्राकडे जावे, येथे त्यांची निराशा होईल. प्रवेश घेण्यापूर्वी कोणत्याही संस्थेला दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : कार्यविश्लेषण प्रत्यक्ष कामाच्या जागी करवून घेतात का, आणि क्षेत्रकार्यात अडचण आल्यास किती दिवसांत कोण उत्तर देणार. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे.