खाडीकाठी फॅमिली कॅम्पिंग बुक करताय? आमची फसवणूक कशी झाली ते आधी वाचा

हे लिहायला पंधरा दिवस लागले, कारण ती रात्र आठवली की अजून छातीत धडधडतं, पण अजून एखादं कुटुंब मुलाबाळांसकट असं अडकू नये म्हणून सगळं लिहितेय, लांबलंय तरी पूर्ण वाचा.

मुलांच्या सुट्टीत एक जाहिरात दिसली, नदी समुद्राला मिळते तिथे खाडीच्या अगदी काठावर दोन रात्री तंबूत मुक्काम, गाइडबरोबर पक्षीनिरीक्षण, बोटीतून खारफुटीत चक्कर. मुलीला पक्ष्यांचं वेड आहे आणि सासूबाई पण यायला तयार झाल्या म्हणून फोन केला. माणूस अतिशय गोड बोलणारा. "मॅडम, पौर्णिमेलाच या, चांदण्यातली खाडी मुलं जन्मभर विसरणार नाहीत," म्हणाला आणि त्या तारखांचे जादा पैसे लावले. आधी निम्मी रक्कम, दोन दिवसांनी परमिटची फी, मग लाइफ जॅकेटचं डिपॉझिट, आणि निघायच्या आदल्या रात्री "आत्ता पूर्ण भरा नाहीतर तंबू दुसऱ्यांना जाईल." सगळे पैसे एका माणसाच्या वैयक्तिक खात्यात, पावती म्हणजे फक्त मेसेज. लोकेशन निघायच्या दिवशी सकाळी पाठवलं. आता वाटतं तिथेच थांबायला हवं होतं, पण मुलांच्या बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या होत्या.

पोचलो तर फोटोतलं काहीच नाही. चार जुने तंबू, एक मोडकळीला आलेलं टॉयलेट, आणि जमीन अशी की पाय ठेवला की दबते. गवत नाही, जिकडेतिकडे खेकड्यांची बिळं. तंबूंच्या मागे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, काटक्या, वाळका पाला आणि प्लास्टिकच्या बाटल्यांची एक लांब रेघ पडली होती. मी विचारलं तर म्हणाला, "साफसफाई राहिली." ती रेघ म्हणजे आधीच्या मोठ्या भरतीचं पाणी कुठपर्यंत आलं होतं त्याची खूण असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि आमचे तंबू त्या रेघेच्या आत, पाण्याच्या बाजूला होते!

गाइड म्हणून जो मुलगा दिला त्याने भर दुपारी पक्षी दाखवायला नेलं. तेव्हा भरती होती, चिखल सगळा पाण्याखाली. चिखल्या, तुतवार हे पक्षी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात किडे-अळ्या टिपतात आणि भरती आली की उंच कोरड्या जागी जाऊन बसतात, हे माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला माहीत होतं, त्याला नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची बोट, तर नेमकी ओहोटी. बोट चिखलात रुतलेली, तासभर काठावर उभे राहून परत आलो. ज्याला रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा ठाऊक आहेत तो अशा वेळा ठरवणारच नाही. पहिल्या रात्रीनंतर तंबूपासून दहा पावलांवर जमीन ओली दिसली होती, ते विचारलं तर म्हणे दव पडलं.

दुसऱ्या रात्री पावणेदोनला सासूबाईंनी हाक मारली, त्यांचं अंथरूण भिजलं होतं. बाहेर बघतो तर दोन्ही बाजूंनी पाणी. समोरून येणारं पाणी तरी दिसतं हो, पण खाडीच्या सपाट जागेत ते बारक्या चरांमधून आधी मागे शिरतं, आणि आमचा रस्त्याकडे जायचा मार्ग त्या चरानेच तोडला होता. भरती सुरुवातीला हळू चढते आणि मधल्या दोन तासांत भराभर वाढते, त्यामुळे झोपेत काही कळत नाही. तो माणूस जागेवर नाही, फोन बंद. मासेमारी करणारे एक काका टॉर्च घेऊन आले, त्यांनी धाकट्याला खांद्यावर घेतलं, नवऱ्याने सासूबाईंना धरलं आणि गुडघाभर पाण्यातून आम्ही बाहेर पडलो. काका म्हणाले, "ताई, इथे दर उधाणाला पाणी चढतं, इथे कुणी मुक्काम करत नाही. मागच्या पौर्णिमेला पण एका कुटुंबाला असंच काढलं." म्हणजे त्याला सगळं माहीत होतं! मला सगळ्यात जास्त चीड याची येते, पैशांची नाही.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते म्हणून उधाण येतं, आणि बऱ्याच ठिकाणी सगळ्यात मोठी भरती त्याच दिवशी नाही तर एक-दोन दिवसांनी येते. म्हणूनच पहिली रात्र निभावली. कुठल्याही बंदराचं टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळा आणि पाण्याची उंची यांचा तक्ता, आधीच मिळतं. बुकिंगच्या तारखा त्यात बघा, भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी परत येते म्हणजे रात्रीचीही नक्की बघा. लोकेशन पैसे देण्याआधी मागा आणि सॅटेलाइट नकाशात जागा बघा. आम्ही त्यांचे फोटो इमेज सर्चमध्ये आता टाकले, तेच तंबू दुसऱ्याच एका तलावाकाठच्या जाहिरातीत जसेच्या तसे आहेत. जागेच्या मालकाची परवानगी आणि परमिटचा कागद मागा, आमच्याकडून फी घेतली त्याचा कागद कधी दिलाच नाही. शक्यतो कार्डने पैसे भरा, निदान तक्रार करून परत मागायचा रस्ता उरतो, आम्ही स्वतःहून ट्रान्सफर केले म्हणून बँकेने हात वर केले.

रिफंड मागितला तर "निसर्गापुढे आपलं काय चालतं मॅडम" असा मेसेज आला आणि नंबर ब्लॉक. पोलिसांकडे सायबर तक्रार दिली आहे, सोबत सगळे स्क्रीनशॉट आणि ट्रान्सफरच्या नोंदी जोडल्या आहेत, तुमचेही पैसे गेले असतील तर चॅट डिलीट करू नका. काल रात्री तोच तंबूंचा फोटो नव्या नावाच्या पेजवर दिसला, पुढच्या पौर्णिमेचं बुकिंग सुरू आहे.