नाशिकच्या दुकानातला बेसबॉल: शिक्का नको, शिवण बघा

नाशिकमध्ये बेसबॉलचा चेंडू मागितला की बऱ्याच काउंटरवर आधी सॉफ्टबॉल पुढे येतो. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. शालेय स्पर्धांच्या दिवसांत सॉफ्टबॉल थोडाफार खपतो, बेसबॉलचं गिऱ्हाईक क्वचित, आणि दोन्हींवर तीच वळणावळणाची शिवण. त्यामुळे जाताना खिशात शिंप्याची टेप असू द्या. बेसबॉलचा घेर 9 ते सव्वानऊ इंच, म्हणजे 22.9 ते 23.5 सेंटिमीटर. मोठा सॉफ्टबॉल 12 इंचांचा, 30 सेंटिमीटरच्या वर. वजनाचा नियम 5 ते सव्वापाच औंस, साधारण 142 ते 149 ग्रॅम. क्रिकेटच्या सीझन बॉलचा घेर जवळपास एवढाच असतो, पण तो 156 ते 163 ग्रॅम भरतो. सीझन बॉलने सराव करून खांदा तयार होतो, ही क्रिकेटवाल्यांची समजूत. पिचरने, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याने, त्यावर भरवसा ठेवू नये. ‘हातात घेतलं की कळतं’ म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकून घ्या आणि चेंडू शेजारच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा.

एमजी रोड, मेन रोड भागातल्या खेळसाहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळून जो माल सापडतो, तो तीन जातींचा. पहिली जात रबराची किंवा रेक्झिनच्या आवरणाची. काहींवर तर शिवण नसतेच, साच्यातून उठवलेली लाल नक्षी असते. पहिली-दुसरीतल्या पोरांना झेल शिकवायला ठीक, त्यापलीकडे नाही. दुसरी जात मेरठ-जालंधरकडून येणारा चामड्याचा चेंडू. तिसरी आयात केलेला मॅच बॉल. किंमत देशी चेंडूच्या कितीतरी पट आणि बहुतेक वेळा आगाऊ ऑर्डर द्यावी लागते. खरी निवड दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीत आहे आणि ती ठरते शिवणीवर. वरचा शिक्का कुठल्याही भाषेत कितीही सोनेरी छापता येतो.

चेंडू आतून काय असतो ते आधी बघू, म्हणजे पैसे कशाचे द्यायचे ते कळेल. चांगल्या चेंडूच्या मध्याशी बुचाचा, म्हणजे कॉर्कचा, छोटा गोळा. त्यावर रबराचे दोन थर. मग लोकरीच्या सुताचे गुंडाळे: अमेरिकेतल्या मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या, चेंडूत आधी 121 यार्ड जाड सूत, मग 45 आणि 53 यार्ड बारीक सूत, शेवटी 150 यार्ड सुती-पॉलिएस्टर मिश्र दोरा. एकूण साडेतीनशे यार्डांहून जास्त, म्हणजे तीनशे मीटरच्या वर सूत एका मुठीएवढ्या वस्तूत. हे सूत सारख्या ताणाने गुंडाळलं गेलं नाही तर चेंडू चार दिवसांत अंडाकृती होतो. स्वस्त मालात कापूस गिरणीचं उरलंसुरलं सूत आणि मध्यभागी कॉर्कच्या चुऱ्याचा गोळा असतो. अॅल्युमिनियमच्या बॅटचे शे-दोनशे फटके बसले की असा चेंडू अंगठ्याखाली दबायला लागतो. तपासायची सोपी रीत: एकाच खोक्यातले दोन चेंडू खांद्याच्या उंचीवरून सिमेंटच्या फरशीवर एकदम सोडा. उसळी सारखी हवी आणि आवाज भरीव हवा. एक ‘टक’ आणि एक ‘थप’ वाजला तर ते खोकं परत करा.

वरचं चामडं. 1974 पर्यंत मेजर लीगमध्ये घोड्याचं कातडं चाले, त्यानंतर गाईचं आलं. देशी चेंडूंवरही गाई-म्हशीचं कमावलेलं, पांढरं केलेलं कातडं असतं. नखाने हलकेच ओरखडा काढून बघा. पांढरा रंग पापुद्र्यासारखा सुटला तर ते चामड्यावर चढवलेलं प्लास्टिक आहे आणि घामेजल्या हातातून ते निसटणार.

आता मुद्द्याची गोष्ट. बेसबॉलचं आवरण दोन सारख्या तुकड्यांचं असतं. प्रत्येक तुकडा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा: दोन्ही टोकांना गोल, कमरेत बारीक. एकाची कमर दुसऱ्याच्या गोलाईत बसते आणि सपाट चामडं सुरकुती न पडता गोलावर चढतं. सपाट कातडं वक्र वस्तूवर ताणून बसवणं हा मुळात चपला-बूट करणाऱ्यांचा प्रश्न, फरम्यावर रोज सोडवायचा. म्हणूनच या आवरणाचा इतिहास एका बुटांच्या गावापाशी जातो.

बॉस्टनच्या पश्चिमेला नॅटिक नावाचं उपनगर आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे घरोघरी बूट शिवले जात. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झालेले हेन्री विल्सन याच गावचे, आणि त्यांना लोक ‘नॅटिकचा चांभार’ म्हणत. या गावात हारवूड कुटुंबाने 1858 मध्ये चेंडूंचा कारखाना काढला. निव्वळ बेसबॉल बनवणारा तो पहिला कारखाना मानतात. त्याआधीचे चेंडू कसेही असत. एकाच चामड्याच्या चार पाकळ्या वर ओढून शिवलेला, सोललेल्या लिंबासारखा दिसणारा चेंडू तेव्हा सर्रास चाले. हलका, लहान, आणि शिवण चारही पाकळ्या मिळतात त्या जागी उसवणारा. दोन तुकड्यांच्या आवरणाचं श्रेय नॅटिकच्या विल्यम कटलर यांना देतात; दुसरे दावेदारही आहेत आणि तो वाद मिटलेला नाही. पण कारखान्याच्या प्रमाणावर ते आवरण चाललं ते हारवूडकडे. गावातल्या बायका घरी नेऊन चेंडू शिवून देत. सिनसिनाटीचा उघडपणे पगारी खेळाडूंचा पहिला संघ 1869 चा, नॅशनल लीग 1876 ची. म्हणजे खेळाडूंना पगार सुरू व्हायच्या आधी चेंडूची शिवण ठरून गेली होती, आणि ती आजही तीच आहे. हारवूडच्या इमारतीत आता फ्लॅट आहेत. मेजर लीगचे चेंडू 1977 पासून रॉलिंग्ज कंपनी पुरवते आणि ते शिवले जातात कोस्टारिकातल्या तुरियाल्बा गावी. हातानेच. मोठ्या प्रमाणावर हे काम करील असं यंत्र अजून कुणाला साधलेलं नाही.

याचा नाशिकच्या गिऱ्हाइकाशी संबंध असा. क्रिकेटच्या चेंडूची शिवण विषुववृत्तासारखी सरळ जाते. आपल्याकडच्या कारागिरांचा हात त्यात बसलेला आहे. बेसबॉलची शिवण सतत वळते आणि प्रत्येक वळणावर दोऱ्याचा ताण बदलावा लागतो. घाईने शिवलेला चेंडू सरळ भागात सुंदर दिसतो आणि वळणावर फसतो. म्हणून चेंडू फिरवत चार मोठ्या वळणांवर थांबा. तिथे चामड्याला बारीक चुण्या दिसल्या तर तुकडे नीट कापलेले नाहीत. टाक्यांमधलं अंतर वाढलेलं दिसलं तर ताण सैल आहे. अंगठ्याच्या नखाने दोरा शिवणीला आडवा ढकला. हलला तर चेंडू ठेवून द्या.

टाके मोजायचे असतील तर शिवणीवर एका जागी चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि तिथून इंग्रजी व्ही आकाराचे जोडटाके मोजत परत तिथेच या. 108 भरले पाहिजेत. वेगळे धरले तर 216. त्यासाठी 88 इंच मेण लावलेला लाल दोरा लागतो, आणि पहिला व शेवटचा टाका आत दडवलेला असतो. दोऱ्याचं टोक बाहेर डोकावत असेल तर ते कधीतरी ग्लोव्हच्या जाळीत अडकणारच. स्वस्त चेंडूंत टाके कमी आणि लांब असतात. अशा प्रत्येक टाक्यावर जास्त भार येतो आणि मधलं चामडं ओठासारखं उचलतं.

शिवणीची उंचीही विचारात घ्या. उंच शिवणीवर बोटं चांगली बसतात, कर्व्ह (हवेत वळणारा चेंडू) जास्त वळतो, पण हवेचा अडसर वाढल्याने फटका लांब जात नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन स्पर्धांनी 2015 मध्ये शिवण 0.048 इंचांवरून 0.031 इंचांवर आणली, आणि होमरन (मैदानाबाहेर जाणारे फटके) वाढले. देशी चेंडूंची शिवण साधारणपणे उंचच असते. लहान हातांच्या शाळकरी पिचरसाठी ती सोयीची म्हणता येईल. मात्र राष्ट्रीय स्पर्धेला जाणाऱ्या संघाने महिनाभर आधी तरी स्पर्धेतल्या चेंडूवर सराव करावा, नाहीतर कर्व्ह हवा तिथे पडत नाही.

नाशिकच्या मैदानांवर चेंडू कशाने मरतो? सर्वांत आधी मुरमाने. मुरमाचे टोकदार खडे वर आलेला दोरा कापतात. दोरा सलग असल्याने एक टाका तुटला की शेजारचे ढिले पडतात, आणि तसाच खेळत राहिलात तर तासाभरात पाकळी उघडते. तुटला त्याच दिवशी मोच्याकडे न्या, दुरुस्ती होते. दोन्ही बाजूंनी तीन-तीन टाके मागे जाऊन तिथून दोरा काढायला सांगा. चामडं ओल्या फडक्याने दहा मिनिटं मऊ करून घ्यायचं. कोरडं ताणलं तर भोकं फाटतात. मेणाचा दोरा, दोन वाकड्या सुया, जुन्याच भोकांतून. शिवून झालं की ओलं असतानाच दोन फळ्यांमध्ये धरून चेंडू फिरवायचा, म्हणजे शिवण बसते. कारखान्यातही शेवटी हेच करतात. दुरुस्त केलेला चेंडू फक्त सरावाला.

दुसरा शत्रू पाऊस. जून ते सप्टेंबर मैदान ओलं, हवा दमट. आतली लोकर पाणी पिते, चेंडू जड आणि मंद होतो. म्हणून तर मेजर लीगचे सगळे संघ 2022 पासून चेंडू नियंत्रित दमटपणाच्या कपाटात ठेवतात; बहुतेक ठिकाणी सुमारे 21 अंश सेल्सिअस आणि 57 टक्के आर्द्रता. आपल्याला एवढा थाट नको. झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरे. भिजलेला चेंडू उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका. चामडं आक्रसतं, आतलं सूत ओलंच राहतं आणि शिवण उसवते. वर्तमानपत्रात गुंडाळून पंख्याखाली, कागद बदलत, तीन-चार दिवस. मग पुन्हा काटा. 149 ग्रॅमच्या वर राहिला तर तो टी-बॅटिंगच्या, म्हणजे खुंटावर चेंडू ठेवून मारायच्या सरावाच्या, टोपलीत. बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसा. खोबरेल तेल तर मुळीच नको. ग्लोव्हला तेल चालतं, चेंडूला नाही: दोरा सैल होतो आणि पकड जाते.

तिसरी कटकट नव्या चेंडूच्या गुळगुळीतपणाची. 1920 मध्ये रे चॅपमन हा फलंदाज डोक्याला चेंडू लागून दगावला, तेव्हापासून चेंडूच्या पकडीकडे आणि रंगाकडे लक्ष गेलं. 1938 मध्ये लीना ब्लॅकबर्न या प्रशिक्षकाने न्यू जर्सीतल्या डेलावेअर नदीच्या एका उपनदीचा गाळ चोळायची सुरुवात केली, आणि मेजर लीग अजून तोच गाळ वापरते. आपली काळी माती इथे कामाची नाही. ती चिकटते, वाळली की खपल्या होतात, डाग पडतात. बारीक गाळाची माती मलमलीतून चाळा, चिमूटभर तळहातावर घ्या, दोन-तीन थेंब पाणी, अर्धा मिनिट सगळीकडे सारखं चोळा आणि कोरड्या फडक्याने पुसा. चकाकी जायला हवी, शिवणीत माती भरता कामा नये.

कौल असा: शाळा-कॉलेजच्या संघाने देशी चामड्याचा, 108 टाक्यांचा, कॉर्क-रबर गाभ्याचा चेंडू डझनाने घ्यावा. पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा गुण वळणावरच्या सैल टाक्यांसाठी कापला, उरलेला एक खोक्याखोक्यातल्या वजनाच्या फरकासाठी. आयात मॅच बॉलला साडेचार, पण तो मुरमावर फेकणं म्हणजे पैसे फेकणं. पिचरच्या सरावाला तीन आणि सामन्याला चार एवढेच ठेवा. रेक्झिनच्या चेंडूला दोन.

ऑनलाइन मागवताना फोटोपेक्षा मजकूर वाचा. ‘ऑटोग्राफ बॉल’ शोभेचा असतो, ‘सेफ्टी बॉल’ मऊ गाभ्याचा. घेर, वजन आणि टाके यांतलं काहीच लिहिलेलं नसेल तर विकणाऱ्याला विचारा, आणि उत्तर आलं नाही तर पुढे जा. दुकानात घेताना प्लास्टिक उघडून बघू द्यायला हवं, डझन एकाच लॉटचा हवा आणि बिलावर ‘चामड्याचा बेसबॉल, 9 इंच’ असं लिहून घ्यावं, म्हणजे बदलून घेताना वाद होत नाही. ऑर्डर मे अखेरीस द्या. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात आणि तेव्हा सगळ्या जिल्ह्यांची मागणी मेरठ-जालंधरला एकदम जाते. मग उरतो तो माल, ज्याचे टाके मोजायला दुकानदार उभा राहू देत नाही.